गावाचा जुना ठेवा राखायचा तर सुरुवात कोठून करावी

विदर्भातील एखाद्या खेड्यात जाऊन गावात जुने असे काय आहे, असे विचारले, तर पहिले उत्तर बहुधा 'काही नाही जी, साधं गाव आहे आपलं' असेच मिळते. त्यानंतर चहा होईपर्यंत मात्र आखरावरचा (गुरे जमण्याच्या जागेवरचा) शेंदूर फासलेला घोडेस्वाराचा दगड, पाटलांच्या वाड्याचा अर्धवट उभा असलेला दरवाजा, गाळाने भरलेली पायविहीर, पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, नांगराला लागणारी खापरे आणि तलावाच्या पाळीवरचे भग्न देऊळ असे एकेक आठवत जाते. हा लेख अशाच गावांतील त्या चार-दोन माणसांसाठी आहे, ज्यांना हे सगळे टिकावे असे मनापासून वाटते, परंतु पहिले पाऊल कोणते टाकावे हे समजत नाही.

मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही. गावच्या हेमाडपंती देवळाच्या कामात काही वर्षे राबताना जे कळले, आणि त्यातही चुका करून जे कळले, तेवढेच येथे सांगत आहे. त्या देवळाच्या कोरीव द्वारशाखेवर, म्हणजे दाराच्या चौकटीवर, ऑइल पेंटचे तीन हात आम्हीच मारले होते, तेही वर्गणी गोळा करून आणि पूर्ण भक्तिभावाने. दुर्लक्षित देऊळ शंभर वर्षांत जेवढे झिजत नाही, तेवढे उत्साही जीर्णोद्धाराने एका उन्हाळ्यात नाहीसे होते, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. म्हणून पुढे दिलेल्या क्रमात नोंद पहिली आहे आणि पैसा सर्वांत शेवटी आहे, आणि नवख्या मंडळींनी हा क्रम उलटा करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पहिले काम : वही करणे

दोनशे पानांची एक जाड वही, वीस मीटरची टेप, एक पट्टी आणि बरा कॅमेरा असलेला फोन एवढ्या सामग्रीवर हे काम सुरू होते. गावठाण, शिवार, गायरान, नाल्याचे काठ आणि शेजारच्या रिठी गावांच्या जागा पायी फिरून पाहाव्यात. रिठी म्हणजे ज्यांचे नाव महसुली कागदात आहे, पण वस्ती उठून गेली आहे अशी गावे; विदर्भात ती पुष्कळ आहेत आणि जुने अवशेष बहुतेक वेळा तेथेच आढळतात. फिरण्यासाठी होळीनंतरचे दिवस सोयीचे असतात, कारण शेते मोकळी झालेली असतात आणि गवत वाळल्यामुळे जमिनीवरचे दगड दिसतात.

काय नोंदवावे, याची व्याख्या सुरुवातीला सैलच ठेवावी. देवळे, मशिदी, दर्गे, समाध्या, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा, गढीच्या भिंती, बुरूज, वाडे, पायविहिरी, तलाव, त्यांच्या पाळी आणि सांडवे, जुनी झाडे व त्यांचे पार हे तर घ्यावेच. त्याखेरीज दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या वारसा म्हणून कोणाच्या नजरेतच येत नाहीत.

पहिली गोष्ट पांढरीची. काळीत शेती आणि पांढरीत वस्ती ही आपली जुनी विभागणी आहे. शेकडो वर्षे माणसे राहिल्याने राख, मातीच्या भिंती आणि कचरा यांचे थर साचून पांढरीचा उंचवटा तयार होतो. भंडारा जिल्ह्यातील पवनी आणि नागपूर जिल्ह्यातील अडम ही उत्खननातून पुढे आलेली प्राचीन नगरे अशाच उंचवट्यांत दडलेली होती. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठावरील भोन येथे उत्खननात सातवाहनकाळातील वस्तीचे आणि स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि तेच स्थळ आता जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. आपल्याकडे मात्र पांढरीची माती घर सारवायला, विटा पाडायला आणि खतासारखी शेतात टाकायला ट्रॅक्टरने वाहून नेण्याची रीत आहे. एक ट्रॉली माती गेली की तिच्याबरोबर त्या गावाचा एखादा काळ कायमचा जातो.

दुसरी गोष्ट शिळावर्तुळांची. मुरमाड माळावर मोठे धोंडे गोल मांडलेले दिसले, तर ती लोहयुगातील दफने असण्याचा संभव असतो. नागपूरजवळील जुनापाणी येथील वर्तुळांचा अहवाल 1879 मध्येच प्रसिद्ध झाला होता, माहुरझरी आणि टाकळघाट-खापा येथेही अशी वर्तुळे आहेत, आणि नायकुंड येथे तर त्या काळातील लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. हे धोंडे बांधावर रचण्यासाठी किंवा गिट्टीच्या खदानीसाठी हलवले जातात. वर्तुळ दिसल्यास खणून पाहण्याचा मोह टाळावा. त्याचा व्यास मोजावा, धोंड्यांची संख्या लिहावी आणि पुढे जावे.

प्रत्येक वस्तूसाठी वहीची दोन पाने ठेवावीत. गावात प्रचलित असलेले नाव, जागा व गट क्रमांक, फोनवर मिळणारे अक्षांश-रेखांश, लांबी-रुंदी-उंची, बांधकामाचा पदार्थ, आजची अवस्था, पाहणीची तारीख आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव व वय एवढे लिहावे. छायाचित्र चारही बाजूंनी घ्यावे आणि वस्तूशेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. मूर्तींची छायाचित्रे फार काळजीने काढावीत. मूर्ती चोरीला गेल्यानंतर पोलिसांत तक्रार देताना गावाकडे तिचे एकही स्पष्ट छायाचित्र नसते, असा अनुभव ठिकठिकाणी येतो, आणि मग सापडलेली मूर्ती आपलीच आहे हे सिद्ध करणेही कठीण होते.

शिलालेख दिसल्यास त्यावर पीठ, खडू किंवा कोळसा चोळू नये. सायंकाळी अंधार पडल्यावर बॅटरीचा प्रकाश दगडाच्या कडेने, अगदी तिरपा पाडला की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. तेव्हा छायाचित्र घ्यावे. कागदाचा ठसा घेणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व असा स्वतंत्र विभाग आहे, तेथे छायाचित्रे दाखवल्यास वाचनाला मदत मिळू शकते.

म्हाताऱ्या माणसांचे सांगणे त्यांच्याच बोलीत, वऱ्हाडी असो की झाडीबोली, फोनवर ध्वनिमुद्रित करावे. आख्यायिका आणि इतिहास वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. 'हे देऊळ एका रात्रीत बांधले' हे सांगणे खोटे ठरवण्याची गरज नाही, पण ते कालनिर्णयाच्या रकान्यातही जाऊ नये. गडचिरोलीतील गोंड-माडियांचे गोटूल (तरुणांचे सामाईक घर) आणि पेनठाणा (देवस्थान), किंवा मेळघाटातील कोरकूंचे लाकडी स्मृतिस्तंभ यांची नोंद करताना मात्र आधी गावच्या गायता-भूमकाची, म्हणजे पारंपरिक पुजाऱ्याची, आणि ग्रामसभेची परवानगी घ्यावी. काही जागांचे चित्रीकरण त्या समाजाला नको असते, आणि तो नकार तसाच मान्य करावा.

जुने कागद कोठे पाहावेत

वऱ्हाड आणि पूर्व विदर्भ यांचा कारभार वेगळ्या वाटेने चालत आला, हे ध्यानात ठेवले तर कागद शोधणे सोपे जाते. वऱ्हाड निजामाच्या मुलखातून 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात आले आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. त्यामुळे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पट्ट्यात पाटील-देशमुखांची घराणी आणि त्यांची दप्तरे महत्त्वाची ठरतात. नागपूर, भंडारा, चंद्रपूर या बाजूला मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजाराने भरण्याची पद्धत, होती, आणि तेथील बंदोबस्ताच्या (सारा ठरवण्याच्या) कागदांत तलाव, देवळे व रस्ते यांचे उल्लेख मिळतात. गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन कागद तर अवश्य मागावेत, कारण तलाव, स्मशान, गायरान आणि वहिवाटीचे रस्ते यांवरील गावाचे सामाईक हक्क त्यांत लिहिलेले असतात. पुढे कोणी वहिवाट नाकारली, तर आठवणीपेक्षा हा कागद उपयोगी पडतो.

याशिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेली जिल्हा गॅझेटियरे आणि हेन्री कझिन्स यांनी 1897 मध्ये प्रसिद्ध केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील पुरातन अवशेषांची यादी पाहावी. तीत आपल्या गावाचे नाव दोन ओळींत जरी आले असले, तरी शासनाकडे अर्ज करताना त्या दोन ओळींचे वजन मोठे असते. मोडी कागद घरात निघाल्यास ते प्लॅस्टिकमध्ये कोंबून ठेवू नयेत आणि चिकटपट्टीने जोडूही नयेत. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत.

मालकी आणि संरक्षणाची स्थिती

हा भाग कंटाळवाणा आहे, परंतु येथे घाई केल्यास पुढचे सगळे काम अडते. शिवारातील जागेसाठी सातबारा, गावठाणातील जागेसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका पाहावी. नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तरी गावात अजून तलाठीच म्हटले जाते, तेव्हा अर्जावर नवे पदनाम लिहावे इतकेच. देवस्थानाचा न्यास नोंदलेला असेल, तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार त्याची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हे विश्वस्तांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

त्यानंतर वास्तू संरक्षित आहे की नाही, हे तपासावे. तीन शक्यता असतात. गडचिरोलीतील मार्कंडा मंदिरसमूहासारखी राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात आणि त्यांना 1958 चा केंद्रीय कायदा लागू होतो. त्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित सीमेपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय बांधता येत नाही. अशा स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राज्याच्या 1960 च्या कायद्याखाली येणारी स्मारके पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. दोन्ही यंत्रणांची कार्यालये नागपुरात आहेत. आपले देऊळ यांपैकी कोणत्याही यादीत असेल, तर तेथे एक वीटही त्यांना विचारल्याशिवाय हलवू नये; गावाने झाडझूड करायची असली तरी लेखी कळवून करावी.

तिसरी शक्यता म्हणजे वास्तू कोणाच्याच यादीत नसणे, आणि खेड्यांतील बहुतेक ठेवा याच वर्गात मोडतो. संरक्षणासाठी राज्याकडे अर्ज करता येतो. त्यात वहीतील नोंद, छायाचित्रे, जागेचे कागद आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. शासनाला योग्य वाटल्यास आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात आणि मग अंतिम अधिसूचना होते. या वाटेला वर्षे लागू शकतात. म्हणून अर्ज करून हातावर हात ठेवून बसू नये.

ग्रामसभेचा ठराव

ठराव हा गावाच्या हातातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरलेला उपाय आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. विषय पत्रिकेवर येण्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आधीच लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ऐनवेळच्या विषयात हे घुसवू नये, कारण गणपूर्तीचा प्रश्न पुढे कोणी काढला तर ठराव लटकतो. सभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते.

ठरावात 'गावातील पुरातन वास्तूंचे जतन करावे' एवढेच लिहिले, तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. मजकूर असा नेमका असावा : 'गट क्रमांक अमुक मधील पायविहीर, गावठाणातील महादेवाचे देऊळ व त्यासमोरील सात वीरगळ ही गावाची सामाईक वारसास्थळे म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घेण्यात यावीत. या स्थळांपासून ठरवलेल्या अंतरात खोदकाम, रंगकाम, नवे बांधकाम किंवा दगडांची हलवाहलव करण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता घेण्यात यावी. पांढरीच्या टेकडीवरून माती उचलण्यास मनाई करण्यात येत आहे.' सोबत पाच ते सात जणांची समिती नेमावी. तिच्यात पुजारी किंवा मुजावर, एक शिक्षक, एक गवंडी, किमान दोन महिला आणि ज्या मोहल्ल्यात वास्तू आहे तेथील माणूस असावा. दर्गा आणि देऊळ दोन्ही एकाच ठरावात घ्यावेत; ठेवा एका समाजाचा झाला की दुसरा त्यातून अंग काढून घेतो, आणि हे आपल्याकडे फार लवकर घडते.

अनुसूचित क्षेत्रातील गावांना अधिक बळ आहे. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यातही सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाच्या रक्षणाची जबाबदारी व अधिकार ग्रामसभेकडे दिलेला आहे. जंगलातील पेनठाणा किंवा जुनी गढी यांच्यासाठी हाच मार्ग जवळचा ठरतो.

रोजची निगा

वास्तूचा पहिला शत्रू पाणी, दुसरा झाड आणि तिसरा आपण स्वतः.

पाण्यापासून सुरुवात करावी. पश्चिम विदर्भातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावरील पाया दरवर्षी थोडा हलतो. देवळाच्या पायाशी पाणी साचू न देणे हा यावरचा सर्वांत मोठा उपाय आहे. अभिषेकाचे पाणी, हातपंपाचे सांडपाणी आणि शेजारच्या घरांच्या पन्हाळी कोठे जातात ते पाहावे, उतार बाहेरच्या बाजूला करून उथळ नाली काढावी आणि भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करू नयेत. छतावरील पालापाचोळा मृगाच्या आधी आणि पोळ्याच्या सुमारास असा दोनदा काढला तरी गळती पुष्कळ कमी होते. भिंतीतील भेग वाढते आहे की जुनीच आहे, हे समजण्यासाठी कोरीव काम नसलेल्या जागी भेगेवर काचेची पातळ पट्टी चुन्याने आडवी बसवून तारीख लिहावी. काच तडकली तर भिंत हलते आहे, आणि तेव्हा मात्र अभियंत्याला बोलवावे.

पिंपळ, वड आणि उंबर यांची रोपे दगडांच्या सांध्यांत उगवतात. बोटाएवढे रोप असताना ते ओलसर दिवसांत मुळासकट अलगद निघते. मनगटाएवढे झाल्यावर ओढून काढू नये, कारण मूळ येताना दगडही घेऊन येते. ते कापावे, पुन्हा फुटले की पुन्हा कापावे, आणि मुळे मारण्याचे काम जाणकारावर सोपवावे. पिंपळ तोडण्यास गावात विरोध होतो. आमच्या पुजाऱ्यांनी तोडण्याआधी त्याचे एक रोप तलावाच्या पाळीवर लावण्याची तोड काढली आणि प्रश्न मिटला.

आता आपले स्वतःचे. दगडावर ऑइल पेंट, एनॅमल किंवा वॉर्निश लावू नये. त्यामुळे आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. ॲसिडने धुऊ नये. तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने किंवा वाळूच्या फवाऱ्याने घासू नये. अकोला-अमरावतीकडील काळा बेसाल्ट कठीण असतो, त्याला हा मार थोडाफार सोसतो. पण भद्रावती, मार्कंडा या बाजूला वालुकाश्म आहे आणि तो मऊ असल्याने एका घासणीत चेहऱ्याचे नाक-डोळे जातात. शेवाळ काढण्यासाठी साधे पाणी आणि नारळाच्या काथ्याचा मऊ ब्रश पुरतो. शेंदराचा जाड थर आपणहून खरवडू नये. तो धर्मभावनेचा विषय आहे आणि तंत्राचाही. भिंतीत खिळे ठोकणे, विजेच्या तारा कोरीव खांबांना बांधणे, गाभाऱ्यात टाइलच्या फरश्या बसवणे आणि यज्ञासाठी मंडपात आग पेटवणे या गोष्टी समितीने सौम्य शब्दांत, पण ठामपणे थांबवाव्यात. उंच शिखर असेल तर वीजरोधक बसवण्याबाबत विचारणा करावी. मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे शिखर वीज पडून ढासळल्याचे सांगितले जाते.

दुरुस्ती कोणती आणि कशाने

हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी पुष्कळशी देवळे चुना न वापरता, दगडांचे खाच-कंगोरे एकमेकांत बसवून उभी केलेली आहेत. अशा सांध्यांत सिमेंट भरले की वास्तूची थोडीशी हलण्याची मुभा जाते, सिमेंटमधील क्षार दगडात उतरतात आणि तडा सांध्याऐवजी दगडालाच जातो. ज्या वाड्यांत, गढ्यांत आणि पायविहिरींत मुळात चुना आहे, तेथे चुन्यानेच दुरुस्ती करावी. कळीचा चुना पाण्यात विरवून दोन-तीन आठवडे तरी मुरवावा, त्यात वाळू आणि विटांची सुरखी (भुकटी) मिळून साधारण तिप्पट घालावी आणि चांगले मळावे. चुना विरवताना पाणी उकळते आणि शिंतोडे डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे यांत हयगय नको, आणि मुलांना लांब ठेवावे. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे मधील उन्हात तो आधीच वाळून भुगा होतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत उरकावे आणि भरलेल्या दरजांवर ओले पोते ठेवावे. चुन्यात हात बसलेला गवंडी आता दुर्मीळ झाला आहे. तालुक्यात असा एखादा म्हातारा कारागीर असेल, तर दोन तरुण गवंडी त्याच्या हाताखाली देणे हेही जतनाचेच काम आहे.

पडलेले कोरीव दगड उचलून नेण्यापूर्वी ते जेथे पडले त्या स्थितीत छायाचित्र घ्यावे, पुसता येईल अशा खडूने क्रमांक द्यावेत आणि त्याच आवारात लाकडी ओंडक्यांवर, जमिनीपासून वर ठेवावेत. त्यांचा ओटा बांधू नये. भग्न मूर्ती नदीत विसर्जित करण्याची प्रथा आहे; जुन्या दगडी मूर्तींच्या बाबतीत ती थांबवावी, आणि पुजाऱ्यांशी बोलून त्या एका बाजूला सन्मानाने मांडून ठेवाव्यात.

सभामंडपाविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. देवळाला निधी मंजूर झाला की बहुतेक ठिकाणी त्याचा सिमेंटचा सभामंडप होतो, आणि तो जुन्या दर्शनी भागाला चिकटवूनच बांधला जातो. मूळ दरवाजावरील शिल्पे अंधारात जातात, नव्या छताचे पाणी जुन्या भिंतीवर येते आणि खोदकामात पायाचे दगड उघडे पडतात. गावाला मंडप हवा असणे रास्त आहे, कारण भजन, हरिपाठ, महाप्रसाद यांना सावली लागते. तेव्हा निधीला विरोध न करता जागा बदलण्याचा आग्रह धरावा. देवळापासून पुरेशा अंतरावर, आवाराच्या कडेला स्वतंत्र मंडप उभा करता येतो. अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधीच ही गोष्ट अभियंत्याला सांगावी लागते, नंतर कोणी ऐकत नाही.

वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. मालक नागपूर-पुण्याला असतात, वाटण्या झालेल्या नसतात, कवेलू फुटतात, पाणी सागवानी खांबांत शिरते, वाळवी लागते, आणि मग जुने लाकूड घेणारा व्यापारी कोरीव दरवाजा आणि खांब उचलून नेतो. खाजगी घराबाबत गावाला सक्ती करता येत नाही आणि मालकाला दोष देऊनही उपयोग नाही. निदान छप्पर शाकारून घेण्याची गळ घालावी, विकण्याआधी गावाला विचारण्याचे कबूल करून घ्यावे, आणि पाडायचाच असेल तर त्याआधी वाड्याचे पूर्ण मोजमाप व छायाचित्रे घेण्याची परवानगी मागावी.

जमिनीतून काही निघाले तर

शेततळे, विहीर किंवा घराचा पाया खणताना मूर्ती, नाणी, ताम्रपट किंवा भांडी निघाल्यास यंत्र तेथेच थांबवावे. वस्तू धुऊ नये, नाणी लिंबाने किंवा चिंचेने घासू नयेत, आणि 'खाली धन असेल' म्हणून आणखी खणू नये. वस्तू ज्या थरात होती, त्या थरावरून तिचे वय ठरवायला मोठी मदत होते. सिंदखेडराजा येथे जून 2024 मध्ये लखुजी जाधव यांच्या समाधीच्या परिसरात संवर्धनाचे काम चालू असताना काही दगड दिसले, पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने तेथे काळजीपूर्वक उत्खनन केले आणि जुन्या देवळाच्या पायाखेरीज शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती मिळाली. तेच काम यंत्राने झाले असते तर मूर्ती हाती कोणत्या अवस्थेत आली असती, याची कल्पना करता येते.

पोलीस पाटील आणि तहसीलदार यांना त्याच दिवशी लेखी कळवावे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि लपवल्यास शिक्षा आहे. सरकार शेत ताब्यात घेईल, या भीतीने लोक वस्तू पुन्हा पुरतात किंवा गुपचूप विकतात. याच कायद्यात सापडणाऱ्याच्या व जमीनमालकाच्या वाट्याची, आणि शासनाने वस्तू ठेवून घेतल्यास मोबदल्याची तरतूद आहे, हे समितीने गावात आधीपासूनच सांगून ठेवावे. वस्तू निघाल्यावर सांगितलेले कोणाला पटत नाही. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती घरात किंवा देवळात असतील, तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली त्यांच्या नोंदणीबाबतही चौकशी करावी.

तलाव, पायविहिरी आणि वापर

पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव हा कदाचित आपला सर्वांत मोठा वारसा असावा, आणि त्यात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचे कर्तृत्व मोठे आहे. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि पाळीची डागडुजी करणारा गावकरी हळूहळू त्यापासून तुटला. तलावाचे जतन म्हणजे पाळ, सांडवा, नहर आणि पाणी वाटपाची रीत यांचे एकत्र जतन होय. गाळ काढताना जुनी दगडी पिचिंग आणि घाट उखडू नयेत, आणि देशी पाणवनस्पती सरसकट उपटू नयेत. गाळाला शेतकऱ्यांची मागणी असतेच, त्यामुळे वाहतुकीचा बोजा गावावर पडत नाही.

पायविहिरीची सफाई उन्हाळ्यात, पाणी खाली गेल्यावर करावी. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातील महिमापूरची सात मजली पायविहीर ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आपल्या गावच्या लहान विहिरीतही काय दडले असेल याचा अंदाज येईल. बंद विहिरीत विषारी वायू साचतो. आधी पेटता कंदील दोराने खाली सोडावा, विझला तर कोणीही उतरू नये, आणि जळत राहिला तरी कमरेला दोर बांधूनच उतरावे. निघालेला गाळ लगेच फेकून न देता चाळून पाहावा. त्यानंतर विहीर वापरात राहिली पाहिजे, नाहीतर तीन वर्षांत ती पुन्हा कचराकुंडी होते. महाशिवरात्रीला दिवे लावण्याची प्रथा अलीकडे अनेक गावांनी सुरू केली आहे, तिचा उपयोग एवढाच की त्या निमित्ताने वर्षातून एकदा सगळे गाव पायऱ्या झाडते.

लोक टिकवून धरण्याचे एक उदाहरण विदर्भातच आहे. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर (शहराच्या तटबंदीवर) वाढलेली झाडेझुडपे आणि साचलेला कचरा इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 2017 पासून शेकडो दिवस, रोज सकाळी थोडे थोडे श्रमदान करून काढला. खेड्यात रोज जमणार नाही; पण महिन्यातील एक ठरलेला दिवस, दोन तास, आणि शेवटी पोहे, एवढे जमते. शाळेच्या मुलांना वीरगळ दाखवायला नेले की ती घरी जाऊन आजोबांना प्रश्न विचारतात, आणि वहीत आणखी दोन पानांची भर पडते.

पैसा

नोंद, ठराव आणि निगा यांना वर्षाला काही हजारांपलीकडे खर्च येत नाही, आणि तो वर्गणीतून भागतो. मोठ्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम समाविष्ट करावे, जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव द्यावा, तलावाची कामे रोजगार हमीतून घ्यावीत, आणि वास्तू राज्य संरक्षित असल्यास 'महाराष्ट्र वैभव' संगोपन योजनेची माहिती घ्यावी. इन्टॅक या 1984 मध्ये स्थापन झालेल्या, वारसा जतनाचे काम करणाऱ्या संस्थेची नागपुरात शाखा आहे. संवर्धन वास्तुविशारद कोण, हे तेथे विचारता येते. नेहमीच्या बांधकाम कंत्राटदाराकडून जुन्या देवळाचे अंदाजपत्रक घेऊ नये, कारण त्याच्या दरपत्रकात चुना नसतो. वर्गणीचा हिशेब दर ग्रामसभेत वाचून दाखवावा.

वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि छायाचित्रांसह एक प्रत गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवावी. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत, बाहेरगावची मंडळी आलेली असताना, तीच वही घेऊन तीच फेरी पुन्हा मारावी, त्याच कोनातून तेच छायाचित्र घ्यावे आणि तारखेखाली सही करावी.